मैत्री वाचनालयाचा बोर्ड

मित्रांनो, जवळ या, पण आधी हात दाखवा. रंगाचा ब्रश नाही ना? करवत नाही ना? मग बसा. मी सागवानी बोर्ड आहे, वयाने बराच जुना आणि स्वभावाने संशयी. तुम्ही म्हणाल, लाकडाला कसला आलाय संशय? अहो, ज्याच्या तोंडावर दुसऱ्याने वाटेल ते लिहावं आणि ते त्याने जन्मभर मिरवावं, त्याने संशय घ्यायचा नाही तर काय करायचं?

माझा जन्म वऱ्हाडातल्या कारंजा गावचा. झाड होतो तेव्हाचं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो सुताराचा रंधा. त्याने मला दोन्ही अंगांनी इतकं गुळगुळीत केलं की माशी बसली तर घसरून पडावी. मी लांबरुंद होतो, गाठ नाही की भेग नाही. एका मिठाईवाल्याने मला घेतलं आणि माझ्यावर लाल अक्षरांत लिहून घेतलं, 'साजूक तुपातली मिठाई'. मला अभिमान वाटला. पण डालड्याचे डबे माझ्याच खालून दुकानात जात. लोक माझ्याकडे पाहून आत शिरत आणि मी गप्प. तेव्हाच मी ठरवलं, की लिहिलेल्यावर विश्वास ठेवायचा नाही, आणि लिहिणाऱ्यावर तर मुळीच नाही.

पुढे मिठाईवाल्याला पत्र्याचा चकचकीत बोर्ड आवडला आणि माझी रवानगी मंगरूळपीरला झाली. तिथे मुलांचं एक बोर्डिंग होतं. खेड्यापाड्यांतली मुलं तिथे राहून शिकत. जुनी अक्षरं खरवडून माझ्यावर बोर्डिंगचं नाव आलं. तिथे मला एक गोष्ट कळली आणि माझी झोप उडाली. माझं नाव माझ्या एकट्याचं नव्हतंच.

मॅट्रिकची मुलं कपाळाला हात लावून म्हणत, 'औंदा बोर्ड हाये गड्या, जीव जाते आता!' मी दचकायचो. मी कुणाचं काय वाईट केलं होतं? मागच्या खोलीत कॅरम चाले. तिथून आरोळी येई, 'हा बोर्ड आमचा!' मी म्हणायचो, झालं, आपल्याला परत विकलं. दिवे गेले की सगळं बोर्डिंग मिळून बोर्डाला शिव्या घाली, आणि त्या ऐकायला भिंतीवर टांगलेला मी. बटणं असतात तोही बोर्ड, मास्तर खडूने लिहितात तोही बोर्ड, एसटीच्या कपाळावर असतो तोही बोर्ड. इंग्रज जाताना हा एक शब्द मागे ठेवून गेला आणि आपल्या लोकांनी तो भंडाऱ्याच्या बुंदीसारखा सगळ्यांना वाढला. ज्या नावाला इतके धनी, त्या नावाने हाक आली तर ओ देण्याआधी मी दोनदा विचार करतो.

त्या बोर्डिंगात इंद्रभान नावाचा चौकीदार होता. तरुण, वाचनाचा नादी, आणि डोक्याने जरा तापट. आसेगावच्या पलीकडे नाल्याच्या वळणावर त्याचं गाव. गावाचं नाव सांगत नाही. आजच्या पोरांना उगाच टोमणे नकोत. छप्पन साली त्याच्या वडिलांनी सगळ्या वस्तीबरोबर धम्मदीक्षा घेतली होती. आता वस्तीतल्या तरुणांनी मिळून मातीविटांची एक खोली उभी केली होती. त्यांना तिथे वाचनालय काढायचं होतं. बोर्डिंगला नवा बोर्ड आला तेव्हा मी मोरीजवळ पडून होतो. इंद्रभानने मला मागून घेतलं, एसटीच्या टपावर टाकलं आणि आसेगावहून डोक्यावर वाहून घरी नेलं. डोक्यावर बसायचा मान मला पहिल्यांदाच मिळाला. तरी मी मनात म्हटलं, पाहू, हा काय लिहून घेतो ते.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन उन्हाळे झाले होते. वैशाखाचं ऊन मी म्हणत होतं. बुद्धपौर्णिमेला वाचनालय उघडायचं ठरलं होतं. आसेगावचा भिवाजी पेंटर आला आणि त्याने निळ्या रंगावर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'मैत्री वाचनालय'. एवढा मोठा शब्द पाहून मला आधीच शंका आली. मिठाईवाल्याचं साजूक तूप मी विसरलो नव्हतो.

भिवाजीने हात पुसत सांगितलं, "इंद्रभान, दोन दिस याले हात नोको लावू. उन्हानं वरून सुकल्यावानी दिसते, आतून ओलाच राह्यते."

इंद्रभानने मान डोलावली, मला सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, भिंतीला टेकवलं आणि नोकरीवर मंगरूळपीरला निघून गेला. आई घरातच होती, पण पेंटरचं बोलणं त्याने तिला सांगितलं नाही. बाप्यामाणसं घरात अशा गोष्टी सांगत नाहीत, आणि मग महाभारत होतं.

त्याच्या आईचं नाव भागिरथा. ती गावातल्या उकंडराव नावाच्या मोठ्या कास्तकाराच्या वावरात निंदायला, कापूस वेचायला जाई. वाचनालयाची खोली उकंडरावच्या वावराच्या वाटेवर होती. जागा गावठाणाची, कुणाच्या बापाची नव्हे. तरी उकंडराव पारावर बसून म्हणे, "आज बोर्ड लावतीन, उद्या म्हनतीन वाटही आमची. बोर्ड लावला का हक्क आला." हे इंद्रभानच्या कानावर येई आणि तो म्हणे, "हा मानूस बोर्ड लागू देत नाई पाह्य." दोघे एकमेकांकडे चोरासारखे पाहत, आणि मी दोघांकडे.

पण त्या दोघांच्या नकळत गावात आणखी एक गोष्ट चालू होती. भागिरथा आणि उकंडरावची बायको दुर्गाबाई, या दोघींची वावरातली मैत्री होती. वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दोघींची शिदोरी सुटे, फक्त जरा अंतर ठेवून. मित्रांनो, हे अंतर काय ते तुम्हाला सांगायला हवं. दीक्षा घेऊन वस्तीने जुनी जात टाकली, पण गावाच्या डोक्यातून ती गेली नव्हती. भागिरथाच्या हातांनी कापलेली ज्वारी चाले, तिच्या हातची भाकर चालत नसे. पाणी वरून ओततात तसं प्रेमही वरून ओतायचं, असा तो काळ.

इंद्रभान गेला त्याच सकाळी दुर्गाबाई शेणाची टोपली घेऊन काट्यांच्या कुपाटीशी आली. आवाज खाली आणून म्हणाली, "भागिरथे, माह्या शेवयाच्या पाटाले वाळवीनं खाल्लं वं. माह्या पोरीचं, अंजनाचं लगन तोंडावर आलं. रुखवतात शेवया नाई दिसल्या तं व्याहनी नाकं मुरडतीन."

"मंग माग ना कोनाचा पाट."

"मागतला. लगनसराई हाये, ज्याचा त्याचा पाट कामात."

भागिरथाने वळून सपरीत माझ्याकडे पाहिलं. माझ्या अंगावर काटा आला. बाईमाणूस लाकडाकडे असं पाहतं तेव्हा त्याच्या मनात चूल असते, असा माझा समज.

"फळी हाये," भागिरथा म्हणाली. "पन पोराची हाये ते. मांगून गुळगुळीत हाये, पुढून नाव हाये."

"दुपारी करतो, सांजच्या आंदी आनून देतो. कोनाले सांगू नोको, बाई. आमच्या घरी शिवाशीव, अन् तुह्या पोराले राग."

दोघींचं खरंच होतं. वस्तीतल्या फळीवर शेवया झाल्या हे कळलं असतं तर उकंडरावच्या घरात कुणी त्या तोंडात घातल्या नसत्या. आणि वाचनालयाचं नाव दुर्गाबाईच्या बुडाखाली उपडं पडलं हे कळलं असतं तर इंद्रभानने गाव डोक्यावर घेतलं असतं. भागिरथाने माझ्या तोंडावर बोट टेकवून पाहिलं. कोरडं लागलं. मग मला पदराने झाकून तिने मागच्या वाटेने दुर्गाबाईच्या परसात नेलं. मी रस्ताभर म्हणत होतो, आपलं काही खरं नाही.

पण खरं सांगतो, ती दुपार माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली दुपार होती. बाजेच्या कडेला मला तिरपं लावलं. तोंडाला लागू नये म्हणून खाली गोणपाट घातला. दुर्गाबाई माझ्या वरच्या अंगाला बसली आणि तेलाचा हात लावून मळलेली कणीक तळव्याने माझ्या पाठीवरून वळत खाली सोडू लागली. टोकाकडून बारीक धागा उतरे, तो भागिरथा झेलून काठीवर वाळत घाली. इतकी वर्षं लोकांनी माझं तोंडच पाहिलं होतं. पाठीवरून मायेने कुणी हात फिरवला नव्हता. थोड्या वेळाने दुर्गाबाईचं मनगट भरून आलं. तिने इकडेतिकडे पाहिलं. परसात चिटपाखरू नव्हतं.

"तू बस वं जराशी," ती म्हणाली.

भागिरथा दचकली. "मी? पिठाले हात लावू?"

"मंग काय पायानं करतं?"

दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. भागिरथा बसली. तिच्या हाताखालून उतरलेला धागा केसासारखा बारीक होता. दुर्गाबाई पाहतच राहिली. "मायं, तुह्या हाताले गुन हाये वं!" काठ्यामागून काठ्या भरल्या. मी म्हटलं, आता घरी जाऊ, नाव जागेवर लागेल, सगळं गोड होईल. संशयी माणसाने एकदा सैल पडावं आणि तेव्हाच घात व्हावा, तसं झालं.

त्यांनी मला उचललं आणि गोणपाट माझ्या तोंडाला चिकटून वर आला. ओढून काढला, तर अर्धी अक्षरं गोणपाटावर गेली आणि उरलेल्या अक्षरांना सुतळीच्या दाढीमिशा आल्या. दुर्गाबाई नखाने एकेक सुतळी सोडवायला लागली. भागिरथा खालीच बसली.

"सांजच्याले पोरगा येते," ती एवढंच म्हणाली. "मी सांगतो त्याले. दमानं सांगतो. तवरोक अठीच ठेव."

दुर्गाबाईने मला कडब्याच्या गंजीत सरकवलं आणि वर पेंढ्या ओढल्या.

इंद्रभान सांजेला आला तो एकटा नाही, बोर्ड पाहायला आलेल्या चार मित्रांना घेऊन. सपरी रिकामी. तिथेच त्याचं डोकं फिरलं. "उकंडरावचंच काम! म्या म्हनलं होतं का नाई?" त्याने भरल्या वस्तीत आवाज चढवला. भागिरथा दारात उभी होती. शब्द ओठांवर आला होता, पण चार माणसांसमोर पोराला तोंडघशी कसं पाडायचं? तिने गिळला. रात्रीनंतर सकाळ झाली आणि तोवर गोष्ट आईच्या हातात राहिलीच नव्हती. वस्तीतल्या बायका उकंडरावच्या वावरात कामाला गेल्या नाहीत. इकडे उकंडरावने आपल्या विहिरीवर माणूस बसवला. वैशाखात वस्तीची विहीर आटलेली, साऱ्यांची तहान त्याच एका विहिरीवर. हंडे घेऊन गेलेल्या बायका रिकाम्या परतल्या. हे सगळं मला मागाहून कळलं.

मी कडब्यात पडून होतो आणि माझा संशय वाढत होता. दुर्गाबाई मला फोडून जाळणार. भागिरथा मला ओळखसुद्धा देणार नाही. उकंडरावला मी सापडलो तर तो मला गोठ्यात गव्हाणीला ठोकणार. दुसरा काही विचार सुचेचना.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, उन्हं उतरायच्या सुमाराला, उकंडरावच्या अंगणात पावलं वाजली. इंद्रभान आणि वस्तीतली माणसं आली होती. मागे बायका होत्या. अंगणात लग्नाला आलेले पाहुणे बसले होते, आणि ओसरीवर उकंडरावची मोठी बहीण गोजराबाई जप करत होती.

"काका," इंद्रभान म्हणाला, "आमचा बोर्ड देऊन टाका. नाई तं सकाळी मी आसेगावच्या ठान्यात रिपोर्ट देतो."

उकंडराव ताडकन उठला. "मले चोर म्हनून राह्यला तू? माह्या पाव्हन्यायसमोर? मीनं तुमच्या बोर्डाले पाह्यलंबी नाई. घे झडती! घर पाह्य, गोठा पाह्य, गंजी पाह्य. सापडला तं गाव सोडतो. नाई सापडला तं तुमची वाट बंद अन् पानीबी बंद. कायमचं."

तो खरं बोलत होता. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. आणि मित्रांनो, मी त्याच्या गंजीत होतो. इंद्रभान गंजीकडे निघाला. पहिली पेंढी उचलली गेली. आणखी दोन उचलल्या असत्या तर पाहुण्यांसमोर उकंडराव चोर ठरला असता, अंजनाचं लग्न मोडलं असतं आणि त्या गावात पुन्हा कुणी कुणाच्या दारात गेलं नसतं. मी लाकूड असून थिजलो.

"थांब, इंद्रा."

बायकांमधून भागिरथा पुढे आली आणि गंजीला पाठ लावून उभी राहिली.

"बोर्ड कोनी नाई नेला. मीनं मोडला. चुलीत घातला."

इंद्रभानच्या हातातली पेंढी खाली पडली. "चुलीत? मायं, त्याच्यावर नाव होतं आपलं. काहून?"

"जळतन नोतं," ती म्हणाली. मान खाली होती. "मले कुठी वाचता येते? मले लाकूड दिसलं."

वस्तीतली माणसं तिच्याकडे पाहत राहिली. मागून कुणीतरी चुकचुकलं. इंद्रभानचे डोळे भरून आले, रागाने की दुःखाने मला कळलं नाही. त्या बाईने स्वतःच्या पोराच्या नजरेतून स्वतःला उतरवून घेतलं होतं. का, ते अंगणात फक्त एका माणसाला ठाऊक होतं.

स्वयंपाकघराच्या दारात दुर्गाबाई उभी होती. हात पिठाचे. ती गप्प राहिली असती तर तिचं सगळं सुरळीत झालं असतं. मी तर खात्रीने धरून चाललो होतो की ती गप्पच राहणार. माणसांची मला तेवढी ओळख होती.

ती पायऱ्या उतरून तरातरा आली, भागिरथाला खांद्याने बाजूला सारलं आणि पेंढ्यांत दोन्ही हात घालून मला बाहेर ओढलं. दाढीमिशांचं माझं तोंड सगळ्या अंगणासमोर आलं.

"खोटं बोलून राह्यली हे," दुर्गाबाई म्हणाली. "चोरी नाई झाली. मीनं मागतला, तिनं देल्ला. अंजनाच्या शेवया केल्या याच्यावर. मले होईना तं निम्म्या तिच्या हातच्या हायेत. नाव माह्या गोनपाटानं खराब झालं. आता काय करता ते करा."

उकंडराव बायकोकडे पाहत राहिला. गोजराबाईची माळ थांबली. "रामा!" ती ओरडली. "फेका त्या शेवया! बैलायले घाला! रुखवतात ठेवता काय त्या?"

कुणी हललं नाही. परसाच्या बाजूला काठ्यांवर शेवया वाळत होत्या आणि सगळे तिकडे पाहत होते. पाहुण्यांतला एक म्हातारा खाकरला. इंद्रभान माझ्याकडे पाहत होता, मग आईकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्याचं तोंड इतकं उतरलं होतं की मला त्याची दया आली.

शेवटी उकंडराव बोलला. कुणाकडेच न पाहता बोलला.

"वारं सुटून राह्यलं. शेवया आतमंदी घ्या. मोडतीन."

एवढंच म्हणाला आणि टोपी सारखी करत विहिरीकडे गेला. थोड्या वेळाने तिथे बसवलेला माणूस परत आला आणि तिकडून रहाटाचा आवाज येऊ लागला.

दुर्गाबाईने पहिल्या काठीचं एक टोक धरलं. दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं होतं, काठी लांब होती. भागिरथा उभीच होती. दुर्गाबाई खेकसली, "पाह्यतं काय? धर ना!" तिने धरलं. ती काठी घेऊन दोघी उकंडरावच्या घराचा उंबरा ओलांडून आत गेल्या. भागिरथाने तो उंबरा आयुष्यात पहिल्यांदा ओलांडला. गोजराबाईने तोंड फिरवलं, पण पाय आडवा घातला नाही.

दुसऱ्या दिवशी भिवाजीने माझं तोंड खरवडून पहाटेच पुन्हा रंगवलं आणि ओल्या अक्षरांनीच मी वाचनालयावर चढलो. वंदना झाली, खीर वाटली. उकंडराव आला नाही. पण वाटही बंद झाली नाही.

म्हणून सगळं गोड झालं असं समजू नका. गोजराबाई त्या लग्नात जेवली नाही. पारावर कितीतरी दिवस कुजबुज चालली. इंद्रभान आईशी बरेच दिवस नीट बोलला नाही. मग एका दुपारी तो आसेगावच्या सुताराकडे मला घेऊन गेला आणि माझ्या तोंडाच्या दोन्ही कडांना लाकडी ठोकळे बसवून आणले. आता मला उपडं घातलं तरी नाव खाली टेकत नाही. त्याने हे कुणाला सांगितलं नाही, फक्त आईला म्हणाला, "काकीले सांग, पुढच्या साली मागायची लाज नोको धरू."

पुढच्या वैशाखात दुर्गाबाई भर रस्त्याने, दिवसाढवळ्या वाचनालयात आली आणि पेपर वाचणाऱ्या माणसांसमोर म्हणाली, "बापू, बोर्ड दे." इंद्रभानने खुर्चीवर चढून मला स्वतः उतरवलं. उकंडराव त्या शेवया खातो की नाही, याचा मला अजून संशय आहे. दुर्गाबाई म्हणते, खातो. मी त्याच्या ताटात पाहिलेलं नाही.

मित्रांनो, आता मी थकलो आहे. सागवान झालं तरी काय, वर्षातून एकदा तेलाचा हात आणि पावसात आडोसा एवढं लागतंच. तेवढं करा. आणि घरातली एखादी वस्तू हरवली, तर ठाण्याची वाट धरण्याआधी आपल्या आईजवळ बसा. चार माणसांत नको, एकटीला विचारा. आणि ती खोटं बोलते आहे असं वाटलं, तर लगेच रागावू नका. ती कुणाला तरी वाचवत असेल.